काही बंधन नाही

दुपारी दोनला वीज गेली. ती संध्याकाळपर्यंत येत नाही असं कळल्यावर शेठने शिफ्ट सोडून दिली, म्हणून केसरीनाथ त्या मंगळवारी अवेळी घरी आला. धामणकर नाक्यावरून आत वळणाऱ्या गल्लीतले सगळे लूम एकदमच गप्प झाले होते. रोजची खडखड थांबली की भिवंडीच्या माणसाला आधी आपल्याच कानात काही बिघडल्यासारखं वाटतं. चालताना त्याला स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता, आणि कुणी मागून येतंय असं वाटून त्याने दोनदा वळून पाहिलं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. बायको, तुळजा, मोरीत पाठमोरी बसून भांडी घासत होती. गोदू खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पांघरूण गुडघ्यांपर्यंत वर सरकलं होतं, आणि पोरीचे तळवे काळे होते.

तो दारातच थांबला. नऊ वर्षांच्या पोरीचे तळवे काळे असण्यात नवल काहीच नाही, चाळीतल्या सगळ्याच पोरांचे असतात. पण गोदूने सव्वा महिन्यात जमिनीला पाय लावला नव्हता. निदान त्याला तसं ठाऊक होतं. मोरीपर्यंतसुद्धा तुळजा तिला उचलून नेई. तो चपला काढून, आवाज न करता खाटेपाशी गेला आणि वाकला. डाव्या अंगठ्याच्या बेचक्यात कापसाचं पांढरं तूस अडकलं होतं. खोलीत तुळजा दिवसातून तीनदा केर काढायची, कापसाचा कण राहू द्यायची नाही, कारण पोरीच्या छातीला ते बरं नाही. म्हणजे हे तूस मागच्या अंगणातलं, जिथे कारखान्याच्या खिडक्यांतून दिवसभर ते उडत येऊन गटाराच्या कडेला साचतं. म्हणजे पोर दार ओलांडून, बोळातून, चाळीला वळसा घालून तिथपर्यंत गेली होती. आपल्या पायांनी. त्याची नजर तळव्यावरून वर सरकली आणि नडगीवर अडकली. तिथे रुपयाएवढा डाग होता. मधे निळा, कडेला हिरवट.

केसरीनाथचं कामच नजरेचं होतं. लूमवरून उतरलेला तागा तो उजेड लावलेल्या काचेवरून ओढायचा, आणि तुटलेली तार, गाठ, तेलाचा थेंब दिसला की खडूने खूण करायचा. अकरा वर्षं तेच. धड कापड त्याला आताशा दिसतच नसे, त्यावरून नजर घसरून जाई. त्याने पांघरूण हळूच खाली ओढलं. तुळजा मोरीतून उठून वळली आणि दचकली. हात पुसत तिने विचारलं, आज लवकर कसे, आणि तो म्हणाला, लाइट गेली. पण हे विचारण्याआधी तिने खाटेकडे पाहिलं होतं, मग त्याच्याकडे. आधी खाट, मग तो. तो क्रम त्याने मनात खूण करून ठेवला.

डाग असेच सुरू झाले होते. गेल्या गणपतीच्या सुमारास गोदूच्या दंडावर पहिला दिसला, मग मांडीवर दोन, मग पाठीवर. तेव्हा त्याला वाटलं होतं, शाळेत मास्तर मारतो. तो शाळेत जाऊन मास्तरांशी भांडला होता. मास्तर बिचारे शपथा घेत राहिले आणि याचा विश्वास बसला नाही, कारण शपथ घेणाऱ्याचे डोळे खाली होते. मग त्याला शेजारच्या खोलीतल्या दांडग्या पोरांचा संशय आला. आणि एका दुपारी, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, त्याला तुळजाचा संशय आला. दोन दिवस तो बायकोच्या हातांकडे बघत होता. भाकरी थापणारे, लुगडं पिळणारे, पोरीची वेणी घालणारे हात. तिसऱ्या दिवशी गोदूच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, ते सकाळपासून दुपारपर्यंत थांबेना, आणि मग संशयाला माणूसच उरलं नाही. नाक्यावरच्या डॉक्टरने चिठ्ठी दिली, चिठ्ठीवरून रक्त तपासलं, तो कागद बघून त्या डॉक्टरने चष्मा काढून ठेवला आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाचा पत्ता लिहून दिला. तिथे त्यांना सांगण्यात आलं की मारणारा रक्तातच आहे. तेव्हापासून केसरीनाथला कुठल्याच सरळ गोष्टीवर भरवसा राहिला नव्हता. बाहेरून जे दिसतं त्याच्या आड दुसरं काही असणारच, ते आपल्याला वेळेवर दिसलं नाही, आणि यापुढे दिसलंच पाहिजे, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

चार महिने तिथे औषधं चालली. दंडात सुया, पाठीच्या कण्यात सुई, डोक्याला किरणांचा शेक, मूठभर गोळ्या. गोदूचे केस गेले. तोंड सुजून गोल झालं, इतकं की एकदा वॉर्डात शिरताना तो दुसऱ्याच पोरीच्या खाटेकडे चालत गेला आणि गोदूनेच त्याला हाक मारली. मग तिचे पाय गेले. गेले म्हणजे होते, पण चालताना डावं पाऊल खाली लोंबायचं, फरशीवर घासत यायचं. औषधाने होतं, असं ते म्हणाले. त्या इस्पितळातली त्याला सगळ्यांत न आवडलेली गोष्ट म्हणजे लांब व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. तिथे एक बाई होत्या, पोरांचे व्यायाम घेणाऱ्या, त्यांना पोरं ताई म्हणत. पांढऱ्या कोटातल्या, जाड चष्म्याच्या, चाळिशीच्या पुढच्या. त्या टक्कल पडलेल्या पोरांना ओळीने उभं करून चेंडू फेकायला लावायच्या, टाचांवर चालायला लावायच्या, पायाच्या बोटांनी गोट्या उचलायच्या शर्यती लावायच्या. कुणाच्या हाताला सुईची पट्टी, कुणाच्या तोंडात फोड, आणि हसतायत. केसरीनाथ तिथून मान वळवून पुढे जायचा. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, जिथे डॉक्टरला मान वर करायला फुरसत नाही, तिथे एक शिकलेली बाई नुसती पोरांना खेळवायला ठेवलीय. का ठेवली असेल? त्याने उत्तर स्वतःशीच देऊन टाकलं होतं. ज्यांना दुसरं काही देता येत नाही, त्यांना खेळणं देतात.

आणि मग सव्वा महिन्यापूर्वी, जानेवारीत, घरी सोडायच्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं. तुळजा गोदूला घेऊन व्हरांड्यात होती. डॉक्टरांनी गोळ्यांचा कागद दिला, पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची लिहिली, आणि पेन बंद करताना म्हणाले, "आता तिला हिंडू द्या, खेळू द्या. काही बंधन नाही." त्यांनी पुढेही काही सांगितलं, ताप आला तर, कुणाला गोवर आला असेल तर, असं बरंच. पण केसरीनाथला पुढचं ऐकू आलं नाही. काही बंधन नाही, हे शब्द त्याच्या ओळखीचे होते. तो सतरा वर्षांचा असताना त्याचा बाप, नामा, पोटाच्या आजाराने वर्षभर झिजत होता. गणेशपुरीच्या रस्त्याला त्यांचं गाव. तिथला डॉक्टर सायकलवरून यायचा आणि दर खेपेला काहीतरी बंद करून जायचा. तिखट बंद, मासळी बंद, शेतावर जाणं बंद. म्हातारा शिव्या घालायचा. मग एका खेपेला डॉक्टर ओटीवर उभं राहून म्हणाला, आता पथ्य नको, मागतील ते द्या, काही बंधन नाही. घरात सण झाला. आईने सुके बोंबील भाजले, बाप तांबडा रस्सा भातावर ओतून जेवला, हात धुतल्यावर बोटांचा वास घेत बसला. नवव्या दिवशी तो गेला. तेराव्याला त्या डॉक्टरचा कंपाउंडर जेवायला आला होता, तो केसरीनाथला म्हणाला, डाक्टर असं बोलतात तवा समजून घ्यायचं असतं. त्या पोराला तेव्हा कळलं की बंदी म्हणजे आशा. जोवर हे नको, ते नको म्हणतायत, तोवर त्यांना माणूस वाचवायचं असतं.

त्यामुळे डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर तुळजाने डॉक्टर काय म्हणाले म्हणून विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "खाटेवरून उतरवायची नाय. पाय जमिनीला लागता कामा नये." बोलून झाल्यावर त्याला बरं वाटलं. जणू डॉक्टरने सोडून दिलेली पोर त्याने परत धरून ठेवली. तुळजाने त्याच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं होतं आणि मान हलवली होती. परतीच्या एस.टी.त, काल्हेरच्या पुढे गाडी खड्ड्यातून उसळली तेव्हा तिने गोदूचे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले, ते घर येईपर्यंत खाली ठेवले नाहीत.

तळवे दिसल्यापासून त्याला कामावर बसवेना. काचेवरून कापड सरकत जायचं आणि त्याच्या डोळ्यांसमोर अंगण यायचं. कोण नेत असेल तिला? तुळजा? की तुळजा बाजारात गेली की पोर आपणच जाते? की शेजारपाजारचं कुणी? बुधवारी दुपारच्या सुट्टीत तो डबा न खाताच घरी आला. गोदू खाटेवर बसून सागरगोटे खेळत होती, पाय पांघरुणात. काही विसरल्यासारखं करून तो खोलीत फिरला, खाटेच्या कडेला टेकला आणि सहज हात फिरवावा तसा त्याने पांघरुणातून तिचे तळवे चाचपले. स्वच्छ होते. थंड होते, किंचित ओलसर. त्याने हात नाकाशी नेला. साबणाचा वास. दिवसभर खाटेवर बसलेल्या पोरीच्या तळव्यांना साबणाचा वास कशाला?  जाताना त्याने दाराबाहेरची फरशी पाहिली, ती नुकती पुसलेली होती.

त्या संध्याकाळी तुळजा पाण्याला गेली तेव्हा त्याने गोदूला विचारलं. आडून विचारलं, की तुला बाहेर जावंसं वाटतं का गं. ती म्हणाली, न्हाय. मागच्या अंगणात कोण कोण खेळतं गं हल्ली? ती म्हणाली, मला काय ठाऊक, मी कुठं जाते. आणि सागरगोटा वर उडवून तिने तो झेलला, चुकला नाही. तिच्या सुजलेल्या गालांवर काही हललं नाही. केसरीनाथ बघत राहिला. आजारापूर्वी हिला खोटं बोलता येत नसे, ओठ आधी हसायचे. हे कुणीतरी शिकवलंय. आपल्या घरात आपल्याआड एक कारभार चालू आहे, त्यात पोर सामील आहे, आणि तो कारभार पोरीच्या जिवावरचा आहे, असं त्याला स्पष्ट दिसलं. तरी मनाच्या एका कोपऱ्यात, त्याला पटत नव्हतं तरी, पोरीच्या त्या धीट खोटेपणाचं कौतुक वाटून गेलं. मरायला टेकलेलं माणूस इतकं सफाईने खोटं बोलतं का? त्याच्या बापाला शेवटी खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

शुक्रवारी कोपरावर दुसरा डाग आला. हा नवा, लालसर. आता त्याचं डोकं दोन बाजूंनी ओढलं जायला लागलं. डाग खेळून पडल्याचा असेल तर तुळजा गुन्हेगार. डाग आतून आलेला असेल तर रोग परतलाय. त्याच्या लक्षात आलं की आपण देवाकडे काय मागतोय. बायकोने फसवलेलं असू दे, असं तो मागत होता. दोन रात्री त्याने हिशेब लावला, आणि रविवारी सकाळी, गोदू अजून झोपेत असताना, ताट समोर आल्यावर भाताला हात न लावता विचारलं, "पोरीला खाली कोन सोडतं?"

तुळजा चुलीपाशी होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "मी."

त्याने तयारी केली होती ती नाकारण्याची. तळवे, साबण, पुसलेली फरशी, कापसाचं तूस, सगळा पुरावा त्याने ओळीने लावून ठेवला होता, तो तसाच राहिला. किती दिवस, त्याने विचारलं. बारा दिस, ती म्हणाली. रोज दुपारी, ती कामं आटपून अंगणाच्या पायरीवर बसायची आणि गोदू पोरांत जायची. तो तुटक आवाजात म्हणाला, की डॉक्टरने काय सांगितलं होतं ते ठाऊक असून? तेव्हा तुळजाने चुलीतलं लाकूड मागे ओढलं, उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"डाक्टर काय बोलला, तुमी सांगा."

त्याने ताट बाजूला सरकवलं.

"मला ताईने सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "तुमी आत व्हतात तवा. रोज चालव, टाचंवर उभी कर, पोरांत खेळू दे, न्हायतर पाऊल कायमचं पडंल. मला समदं करून दाखवलंन. आनि तुमी भाईर आलात नि बोललात, जमिनीला पाय लावू नको." ती थांबली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला कललं तुमी खोटं बोलताव. तुमाला खोटं बोलता येत न्हाय. मग मी रोज तुमचं तोंड बघत बसले. मला वाटलं, आत डाक्टरनं तुमाला सांगितलं आसंल की पोर ऱ्हात न्हाय, आनि ते मला सोसनार न्हाय म्हनून तुमी लपवताव. महिनाभर मी काय बोलले न्हाय. मग मी म्हटलं, जायाची हाय तर खेलून तरी जाऊ दे."

गल्लीत लूम चालू होते. भिंतीला टांगलेली पळी त्या हादऱ्याने बारीक थरथरत होती. केसरीनाथ तिच्याकडे बघत होता आणि त्याला पहिल्यांदा दिसलं की तुळजाच्या डोळ्यांखाली काळं पडलंय, गालफडं वर आलीत. हे महिन्याभराचं होतं, आणि कापडावरची एक तार न सोडणाऱ्या त्याला ते दिसलं नव्हतं. तो तिच्या हातांवर, पदरावर, केरसुणीवर पहारा ठेवून होता, आणि ती त्याच्या तोंडावर. एकाच खोलीत बसून दोघांनी एकमेकांच्या तोंडावरून पोरीचं मरण वाचलं होतं. त्याने बापाची गोष्ट तिला सांगितली. डॉक्टर, ओटी, बोंबील, कंपाउंडर. ती ऐकत राहिली. नामा पोटाने गेला एवढंच तिला ठाऊक होतं. शेवटी ती एवढंच म्हणाली की पोरीच्या अंगावर डाग आहेत ते तिनेही पाहिलेत, आणि पोर पडलेली तिने पाहिली नाही. पहिल्या डागाच्या दिवशी ती पायरीवरच होती. गोदू पडली नव्हती. मग तो डाग कुठून आला, हे विचारायची तिची छाती झाली नव्हती.

सोमवारी तारखेच्या आधीच ते तिला घेऊन मुंबईला गेले. रक्त घेतलं, आणि दुपारपर्यंत थांबा म्हणाले. व्हरांड्याच्या त्या टोकाला पोरं चेंडू खेळत होती. एक टकला मुलगा, बाराएक वर्षांचा, भिंतीवर चेंडू आपटत होता, तो आपटण्याचा आवाज केसरीनाथच्या छातीत आपटत होता. ताईंनी गोदूला ओळखलं. त्यांनी तिला आत घेतलं, स्वतः फरशीवर उकिडव्या बसल्या आणि तिला टाचांवर चालायला सांगितलं. गोदू हात पसरून चालली. उजवं पाऊल उचललं जात होतं, डाव्याची बोटं जेमतेम वर यायची आणि पडायची. ताईंनी तिचं पाऊल तळहातावर घेतलं, ढकल म्हणाल्या, आणखी ढकल, आणि मग वर न बघता विचारलं की मधे महिनाभर ही चालली नाही का. तुळजाने नवऱ्याकडे पाहिलं. केसरीनाथ म्हणाला, मी चालू दिली नाही. त्याला वाटलं बाई रागावतील. त्या नुसत्या मान हलवून गोदूच्या पायाच्या बोटांपुढे गोट्या मांडायला लागल्या, आणि त्यामुळेच त्याला संशय आला. ज्या पोरीचं काही व्हायचं नाही तिच्या बापावर कोण रागावतं?

मग त्याने विचारलं. इतके महिने जे विचारायचं टाळलं ते पोरीच्या देखत विचारता येईना, म्हणून ताईंना दारापर्यंत बोलावून, हलक्या आवाजात, नजर चष्म्यावर रोखून.

"बाई, खरं सांगा. तुमी लोकांनी हात टेकलेत म्हनून खेळू देताय ना?"

ताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी चष्मा काढला नाही, खांद्यावर हात ठेवला नाही, धीर देणारं हसल्या नाहीत. तो यांपैकी कशाची तरी वाट बघत होता, कारण त्यातून त्याला खोटं पकडता आलं असतं.

"जी पोरं राहणार नाहीत असं वाटतं, त्यांना मी गोष्टी वाचून दाखवते," त्या म्हणाल्या. "त्यांना टाचांवर चालवून छळत नाही. तुमच्या मुलीचं पुढे काय होईल ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. अजून दोन-तीन वर्षं गोळ्या आहेत. पण ती राहिली तर तिला पाय लागतील. ते तेव्हा नव्याने मिळणार नाहीत."

हे बोलून त्या परत जाऊन फरशीवर बसल्या. केसरीनाथ दारात उभा राहिला. ही बाई खोटं बोलत असेल तर तिने अर्धं तरी गोड बोलायला हवं होतं. राहिली तर, असं ती म्हणाली होती. तो 'तर' त्याने उलटून पालटून पाहिला. त्यात गाठ सापडली नाही. आणि तरीही त्याने दुपारी डॉक्टरांच्या टेबलावरचा रक्ताचा कागद हातात मागून घेतला. डॉक्टर म्हणाले, पेशी चांगल्या आहेत, रोग परत आल्याचं यात काही दिसत नाही, डाग खेळण्याचे. खेळताना एकमेकांचे पाय लागतात, मुलांना ते कळतही नाही. गोळ्या चालू असताना थोडा मारही जास्त दिसतो, नवे डाग भराभर आले तर लगेच या. केसरीनाथला इंग्रजी आकड्यांखेरीज काही वाचता येत नव्हतं. त्याने आकडे वरून खाली पाहिले, मग खालून वर, खाडाखोड दिसते का बघितलं. डॉक्टर थांबून राहिले. मग त्यांनी मागचा कागद काढून त्याशेजारी ठेवला आणि दोन आकड्यांवर पेनाने बारीक गोल केले, जानेवारीतला हा आणि आजचा हा, वाढायलाच हवा. आजचा मोठा होता. एवढं त्याला कळलं. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, जे मागच्या खेपेला त्याच्या कानात शिरलं नव्हतं. तापाच्या पोरांत मिसळू देऊ नका, सुई दिल्यावर चार दिवस धसमुसळं नको, हात-पाय धुवा, थकली तर बसवा. तो एकेक बंदी ऐकत गेला आणि त्याच्या मानेचा ताठा हळूहळू सैल होत गेला.

तरी मन लगेच वळत नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तो स्वतः अंगणाच्या पायरीवर जाऊन बसला, आणि बसला तो पहाऱ्यालाच. पोरं लंगडी खेळत होती. कोळशाने जमिनीवर चौकोन आखला होता. सहा-सात पोरी, दोन बारकी पोरं. गोदू डोक्याला रुमाल बांधून त्यांत पळत होती. पळत म्हणजे डावा पाय जरा फेकत, फरफटत. तिला कुणी शिवत नव्हतं. ज्याच्यावर राज्य तो लंगडत तिच्या शेजारून जाई आणि दुसऱ्यावर झडप घाली. केसरीनाथला दोन मिनिटांत उमगलं. गोदू कच्चं लिंबू होती. खेळात घेतलेली, पण खेळात नसलेली, जिला बाद करत नाहीत असं पोर. त्याच्या मनात जुना विंचू पुन्हा सरपटला. पोरांनाही कुणी सांगितलंय. तुळजाने सांगितलं असेल, नाहीतर त्यांच्या आयांनी, की या पोरीला सांभाळा रे, ही थोड्या दिवसांची आहे. मोठी माणसं खोटं बोलतील, डॉक्टर कागद दाखवतील, पण पोरं जे करतात त्यावरून खरं कळतं. ही सगळी तिच्यावर दया करतायत. म्हणजे अंगणाला ठाऊक आहे, आणि बापालाच ठाऊक नाही. तो उठून तिला आत न्यावी म्हणून पायरीवर हात टेकणार, तेवढ्यात राज्य जमीलावर आलं.

जमीला पलीकडच्या चाळीतली, लूमवर काम करणाऱ्या अन्सारीची मोठी मुलगी. दहा-अकरा वर्षांची, काटकुळी, जिंकायची भूक असलेली. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली आणि लंगडत निघाली. दोघी तिच्या हातून निसटल्या. तिसरीला ती कोपऱ्यात गाठणार तर तीही वाकून सटकली आणि मागे गोदू राहिली. जमीलाने क्षणाचाही विचार केला नाही. तिने हात लांब केला आणि गोदूच्या पाठीत सणसणीत थाप मारली.

"आऊट."

एक बारकं पोर ओरडलं, की वो तो कच्ची लिंबू है. जमीला पाय टेकून कमरेवर हात ठेवून उभी राहिली, धापा टाकत. गोदूचा रुमाल सरकून एका कानावर आला होता, टाळूवर उगवलेली कोवळी लव उन्हात दिसत होती. तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी न्हाय कच्चं लिंबू," ती म्हणाली. "तिनं पकडलीय मला. राज्य माज्यावर."

"तो ले ना राज," जमीला म्हणाली. "रोती क्यूं है?"

"मी कुठं रडते?"

केसरीनाथने जमीलाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. अकरा वर्षं काचेवर वाकून जी नजर कमावली होती ती सगळी लावून पाहिलं. त्या चेहऱ्यावर राज्य सुटल्याचा आनंद होता, घाम होता, वरच्या ओठाला लागलेली धूळ होती. दयेची एक तारसुद्धा त्यात नव्हती. ही पोर गोदूला मरणारी समजत नव्हती. गोदू तिला फक्त हळू पळणारी वाटत होती.

त्याने पायरीवरचा हात उचलून मांडीखाली दाबून धरला. मागे दारात तुळजा येऊन उभी राहिल्याचं त्याला कळलं. ती अंगणाकडे बघत नसून आपल्याकडे बघतेय हेही कळलं, पण तो वळला नाही. गोदू चौकोनाच्या रेषेवर गेली, फ्रॉक एका मुठीत गोळा केला आणि डावा पाय उचलला. एक लंगडी, दोन, तीन. अंग तिरकं होत होतं, हात हवेत काहीतरी धरायला बघत होते. चौथ्या लंगडीला डावं पाऊल जमिनीला लागलं.

"पाय टेकला, पाय टेकला!" सगळी पोरं एका आवाजात, मनापासून, दुष्टपणे ओरडली. जमीला सगळ्यांत मोठ्याने.

गोदूने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, बापाकडे पाहिलं नाही. ती फिरली, पाय ओढत परत रेषेवर गेली, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.